खान्देशातल्या घरात वायफाय राउटर लावताना: तारेपासून मोबाईलपर्यंत

घरात फायबरचं कनेक्शन आलं, की पहिल्या महिन्यातच कधीतरी "भो, नेट चालत नही" हे ऐकू येतं. मग कोणी डबा बंद-चालू करतं, कोणी मागचं बटण दाबून ठेवतं, कोणी थेट केबलवाल्याला फोन लावतं. यातलं काय केव्हा करायचं हे कळायला एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. इंटरनेट तीन सांध्यांवर उभं असतं. खांबावरून आलेली तार आणि घरातला डबा हा पहिला सांधा. डबा आणि कंपनी यांची ओळख पटणं, म्हणजे युजर आयडी-पासवर्ड, हा दुसरा. डब्यापासून मोबाईल-टीव्हीपर्यंतचं वायफाय हा तिसरा. जोडणी याच क्रमाने करायची, आणि बिघाडही याच क्रमाने शोधायचा.

आधी डब्यांची ओळख करून घेऊ. फायबरमधून प्रकाश येतो, वीज नव्हे. त्या प्रकाशाचं रूपांतर करणाऱ्या डब्याला ओएनटी म्हणतात, आणि वायफाय देणारा तो राउटर. आजकाल बहुतेक कंपन्या दोन्ही एकाच डब्यात देतात. लहान गावांत स्थानिक केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर कधी फायबर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच असतं आणि तिथून घरात साधी लॅन केबल येते. तसं असेल तर घरात फक्त राउटर लागतो. नोंदणी करतानाच विचारून घ्या की डबा कंपनीचा आहे की आपण विकत घ्यायचा, आणि कनेक्शन बंद केलं तर डबा परत द्यावा लागेल का. अनामत रकमेची पावतीही तेव्हाच मागा.

जागा तुम्ही ठरवा

तार जोडायला येणाऱ्या माणसाला काम लवकर आटपायचं असतं. तो ज्या खिडकीतून तार आत घेतो, त्याच खिडकीशी डबा ठोकतो. तिथून अर्धं वायफाय रस्त्यावर जातं आणि मागच्या खोलीत मुलांचा क्लास अडकतो. त्याला चहा पाजा, पण जागा तुम्हीच दाखवा: घराच्या साधारण मध्यभागी, छातीच्या उंचीवर किंवा वर, उघड्यावर. घरात आठ-दहा मीटर जास्त तार फिरली तर वेगात फरक पडत नाही.

धाब्याच्या जुन्या घरात ही गोष्ट जास्त महत्त्वाची. दीड-दोन फूट जाड दगड-मातीच्या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात, आणि तितक्याच इमानाने वायफायही अडवतात. अशा घरात डबा ठेवायला देवळी फार सोयीची वाटते. तिथेच तो ठेवू नका. देवळीत तीन बाजूंनी भिंत असते, म्हणजे लहरी एकाच बाजूने बाहेर पडतात. शिवाय शेजारी दिवा-उदबत्ती असेल तर तेल आणि काजळी डब्याच्या जाळीत जाते. लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे, आरशाजवळ, फ्रिजच्या डोक्यावर या जागाही वाईट. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं. पत्र्याच्या पार्टिशनपलीकडच्या खोलीत तर जवळजवळ काहीच पोहोचत नाही.

आता उन्हाळा. बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात वापरासाठी ० ते ४० अंश सेल्सिअस अशी मर्यादा छापलेली असते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर. दुपारी दोन ते पाच नेट मंदावतं आणि रात्री आपोआप सुधारतं, अशी तक्रार असेल तर आधी डब्याला हात लावून बघा. पत्र्याखाली, माळ्यावर किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर डबा नको. त्यावर कापड झाकू नका, विणलेला रुमालसुद्धा नाही. थंड राहावा म्हणून कूलरच्या झोतातही ठेवू नका, त्या हवेत ओल असते. आणि कूलरच्याच एक्स्टेन्शन बोर्डावर राउटर लावू नका. कूलरची मोटर सुरू होताना दाब क्षणभर खाली येतो आणि राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मग घरातले म्हणतात, कूलर लावला की नेट जातं. बरोबरच म्हणतात.

पहिला सांधा: तार

फायबरच्या टोकाला प्लास्टिकची पिन असते, हिरवी किंवा निळी. हिरव्या पिनेचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळीचं सरळ. हिरवी पिन हिरव्याच खाचेत जाते. रंग जुळत नसताना दाबून बसवली तर प्रकाश वाया जातो. पिनेची टोपी काढल्यावर टोकाला बोट लावू नका, आणि टोकात डोळा घालून प्रकाश येतोय का ते तर मुळीच बघू नका. तो अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. घरातली तार कोपऱ्यात काटकोनात मोडू नका. वळण निदान वाटीच्या काठाएवढं गोल असू द्या. उरलेली तार गुंडाळून खिळ्याला लटकवायची असेल तरी हाच नियम.

आता डबा चालू करा आणि दिवे बघा. दोन-तीन मिनिटं द्या.

पॉवर: चालू.
पॉन (डब्यावर PON): लुकलुकत असेल तर ओळख पटवण्याचं काम सुरू आहे, स्थिर झाला की पलीकडच्या यंत्राने तुमचा डबा ओळखला.
लॉस (डब्यावर LOS): हा बंदच हवा. लाल पेटला किंवा लाल लुकलुकला तर प्रकाशच येत नाही.

पॉन स्थिर आणि लॉस बंद, एवढं झालं की पहिला सांधा जुळला. तार जोडणारा जायच्या आधी एक काम मात्र करून घ्या: त्याच्या मीटरवर प्रकाशाची ताकद किती दिसते ते विचारा. हा आकडा उणे डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) असतो, शून्याच्या जितका जवळ तितका प्रकाश जास्त. घरगुती फायबरमध्ये साधारण उणे ८ ते उणे २७ या पट्ट्यात डबा चालतो, आणि उणे २० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. उणे २५-२६ वर "चालतं ना साहेब" म्हणून तो निघाला, तर थांबवा. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे एवढ्या काठावरचं कनेक्शन पहिल्या पावसात किंवा तार थोडी ताणली गेल्यावर बंद पडायला लागतं. जोड पुन्हा मारायला सांगा. त्या दिवशीचा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा, पुढे वाद झाला तर हाच कामाला येतो.

दुसरा सांधा: कंपनीशी ओळख

डब्याच्या पोटाला किंवा पाठीला स्टिकर असतो. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. त्यावर वायफायचं मूळ नाव, पासवर्ड आणि डब्याच्या आतल्या पानाचा पत्ता असतो. हा पत्ता बऱ्याच डब्यांत १९२.१६८.१.१ असतो, टीपी-लिंक, डी-लिंक, टेंडा यांच्या राउटरमध्ये बहुधा १९२.१६८.०.१, आणि जिओच्या फायबर डब्यात १९२.१६८.२९.१. आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाका. मराठी कीबोर्डवरून टाकले की ब्राउझर ते शोधायला निघतो.

मोबाईल त्या वायफायला जोडा आणि मोबाईल डेटा बंद करा. हे विसरलात तर "या वायफायवर इंटरनेट नाही" म्हणत फोन गुपचूप डेटावर उडी मारतो आणि पान उघडतच नाही. पान उघडताना "सुरक्षित नाही" असा इशारा आला तर घाबरू नका. स्वतःच्या घरातल्या डब्याशी बोलताना तो येतोच.

स्टिकरवरचं युजरनेम-पासवर्ड टाकून आत गेलात की वॅन (WAN, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडची बाजू) किंवा इंटरनेट नावाचा विभाग शोधा. तिथे जोडणीचा प्रकार निवडायचा असतो. बीएसएनएल आणि बहुतेक स्थानिक केबलवाले पीपीपीओई वापरतात, म्हणजे तुम्हाला दिलेला युजर आयडी आणि पासवर्ड इथे भरावा लागतो. यात मोठी-लहान अक्षरं वेगळी मोजली जातात, आणि कागदावरून बघून लिहिताना शून्य आणि ओ, एक आणि एल यांची गल्लत हमखास होते. काही कंपन्यांचा डबा स्वतःच ओळख पटवतो, तिथे डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळणं) किंवा डायनॅमिक असं आधीच निवडलेलं असतं. त्याला हात लावू नका.

यासोबत कंपनीला तीन गोष्टी विचारून वहीत लिहा: पीपीपीओईचा युजर आयडी-पासवर्ड, व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या तुमच्या वेगळ्या मार्गाचा) नंबर लागतो का आणि कोणता, आणि तुमचा राउटर मॅक पत्त्याने (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधलेला आहे का. शेवटचा प्रश्न उगाच नाही. काही केबलवाले जुन्या राउटरचा मॅक पत्ता नोंदवून ठेवतात. तुम्ही दुकानातून नवा आणून लावला तर सगळं बरोबर भरूनही नेट येत नाही, आणि दोष नव्या राउटरवर येतो. केबलवाल्याला फोन करून नवा मॅक नोंदवला की काम होतं. एमटीयू (एका वेळी पाठवायच्या माहितीच्या पुडक्याचा कमाल आकार) नावाचा रकाना दिसला तर पीपीपीओईसाठी १४९२ ठेवा. साधारण आकडा १५०० असतो, पण पीपीपीओई स्वतःसाठी ८ बाइट घेतं.

वेगळा राउटर असेल तर ओएनटीची किंवा बाहेरची केबल वॅन लिहिलेल्या भोकातच घाला. ते बहुतेक निळं किंवा वेगळ्या रंगाचं असतं. लॅनमध्ये घातली तर वायफाय छान दिसतं, मोबाईल जोडला जातो, आणि नेट मात्र येत नाही.

सगळं भरून सेव्ह केल्यावर स्टेटसच्या पानावर वॅनचा आयपी पत्ता बघा. तिथे सगळी शून्यं असतील तर ओळख पटलेली नाही. खरा पत्ता दिसला तर दुसरा सांधाही जुळला.

तिसरा सांधा: वायफाय

नाव आणि पासवर्ड लगेच बदला. नावात आडनाव किंवा घरनंबर टाकायची हौस आवरा. पासवर्ड म्हणून मोबाईल नंबर तर नकोच. तो तुमच्या दुकानाच्या पाटीवर आणि लग्नपत्रिकेवर छापलेला असतो. त्यापेक्षा तीन-चार अहिराणी शब्द सलग इंग्रजी अक्षरांत लिहा आणि मध्ये एखादा आकडा घाला. घरच्यांना लगेच पाठ होतो आणि बाहेरच्याला सुचत नाही. किमान ८ अक्षरं लागतातच, १४-१५ केलीत तर उत्तम. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने, पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद करा. आणि डब्याच्या आतल्या पानाचा पासवर्डही बदला. वायफायचा बदलून हा तसाच सोडणारे खूप आहेत.

लग्नसराईत घरात पाहुणे उतरले की प्रत्येक पोरगं आधी पासवर्ड मागतं. त्यासाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा, वेगळा पासवर्ड द्या, पाहुणे गेले की बंद करा. शेजाऱ्यांशी वर्गणी करून एकच कनेक्शन वापरायची पद्धत गावोगाव दिसते. मला ती पटत नाही. कनेक्शन तुमच्या ओळखपत्रावर आहे, आणि त्यावरून कोणी फसवणुकीचा मेसेज पाठवला तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतील.

बऱ्याच डब्यांत वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जास्त आत जातो, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण एका जाड भिंतीतच दम तोडतो. दोन्हींना वेगवेगळी नावं द्या असं मी सांगेन. कारण स्वस्त सीसीटीव्ही कॅमेरे, वायफाय प्लग, बरेच प्रिंटर फक्त २.४ वर चालतात, आणि एकच नाव असेल तर ते जोडताना डोकं उठतं. टीव्ही डब्यासमोरच असेल तर त्याला ५ द्या, शक्य असेल तर लॅन केबलच लावा. शहरात अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी जो चॅनेल आसपास कमी वापरात असेल तो ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. गावात आजूबाजूला दोनच वायफाय दिसत असतील तर या भानगडीत पडू नका.

वेग मोजताना एक घोळ होतो. योजनेतले १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल उतरवताना दिसणारे मेगाबाइट त्याच्या आठव्या हिश्शाने, म्हणजे १२.५ दिसतील. कंपनीने फसवलेलं नाही. मात्र ३०० ची योजना घेऊन लॅपटॉपवर केबलने ९५ च्या आतच वेग येत असेल तर राउटरचं भोक १०० चंच आहे किंवा केबलमधल्या आठांपैकी चारच तारा नीट जोडलेल्या आहेत.

मागच्या खोलीत पोहोचत नसेल तर

पहिल्यांदा डब्याची जागा बदलून बघा. तरी नाही झालं तर दुसरा राउटर, आणि दोघांच्यात लॅन केबल. बाजारात मिळणारे भिंतीत खोचायचे एक्स्टेंडर स्वस्त असतात, पण पहिल्या डब्याचं मंद वायफाय पकडून तेच मंदपणे पुढे देतात. मातीच्या भिंतीच्या घरात तर त्यांच्यावर पैसे घालवूच नका. केबल मात्र भिंतीला एक बारीक भोक पाडून पार जाते. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय पुढे देणारा) हा प्रकार निवडा. तो नसेल तर त्यातलं डीएचसीपी (मोबाईलना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा करा, आणि केबल वॅनऐवजी लॅनच्या भोकात लावा. नाहीतर दोन्ही डबे आपापले पत्ते वाटत बसतात आणि मोबाईलवरून मागच्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही.

लाइट गेली तर

राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतो. त्यासाठी मिळणारा मिनी यूपीएस घेताना अॅडॉप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळवा. अँपिअर तेवढे किंवा जास्त असले तरी चालतात. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा, एकाला देऊन उपयोग नाही. फायबरच्या मार्गात खांबावर जो स्प्लिटर (एकच प्रकाश अनेक घरांत वाटणारा) असतो त्याला वीज लागत नाही, तेव्हा गल्लीतली लाइट गेल्याने तार बंद पडत नाही. पण केबलवाल्याच्या टोकाला, जिथून प्रकाश निघतो, तिथे त्याने बॅटरी ठेवलेली नसेल तर तुमचा यूपीएस नुसता दिवे दाखवत बसेल. कनेक्शन घेण्याआधी त्याच्या जुन्या ग्राहकाला विचारा: महावितरणची लाइट गेल्यावर तुझं नेट राहतं का? जाहिरातीपेक्षा हे उत्तर खरं.

वळवाच्या पावसात विजा कडकडायला लागल्या की अॅडॉप्टर आणि लॅन केबल दोन्ही काढा. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, पण ती बोर्डातून येते, आणि छतावरून आलेल्या लॅन केबलमधूनही.

नेट गेलं तर क्रम

लॉस लाल असेल तर तार तुटली, पिन सैल झाली किंवा खांबावर काही झालं. पिन एकदा हळूच दाबून बघा, खिडकीपाशी उंदराने-खारीने तार कुरतडली आहे का ते बघा, आणि केबलवाल्याला फोन करा. फोनवर "नेट बंद शे" एवढंच न सांगता "लाल लाइट पेटेल शे" सांगा, म्हणजे तो तार जोडायचं यंत्र घेऊनच निघेल.

लॉस बंद, पॉन स्थिर, पण नेट नाही: आधी रिचार्ज संपला का बघा. हसू नका, बहुतेकदा हेच निघतं. मग वॅनचा आयपी पत्ता बघा.

वॅनला पत्ता आहे, एका मोबाईलवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही: दोष त्या मोबाईलचा किंवा वायफायचा. त्या फोनवरून नेटवर्क विसरून पुन्हा जोडा. व्हॉट्सअॅप चालतं पण वेबसाइटी उघडत नाहीत, असं असेल तर डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून बघा.

डबा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं कधीही करा, त्याने काही पुसलं जात नाही. मागचं टाचणीने दाबायचं रिसेटचं भोक मात्र वेगळं. ते दहा सेकंद दाबलं की पीपीपीओईसकट सगळं पुसलं जातं. वहीत युजर आयडी-पासवर्ड असल्याशिवाय त्याला हात लावू नका, आणि भाच्यालाही लावू देऊ नका. केबलवाल्याने दाद दिली नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. पुढे अपील करायचं झालं तर तो लागतो.

तार पोहोचत नसेल, आणि मळ्यातला कॅमेरा

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर किंवा मळ्यातल्या घरात फायबर येईलच असं नाही. तिथे सिम टाकायचा ४जी राउटर हा एक मार्ग. आधी मोबाईल घेऊन घराभोवती, गच्चीवर फिरा, कोणत्या कंपनीची रेंज कुठे चांगली मिळते ते बघा, आणि त्याच कंपनीचं सिम त्याच कोपऱ्यात ठेवा. डोंगर एका बाजूला असेल तर राउटर उलट बाजूच्या खिडकीत. सिम टाकूनही नेट आलं नाही तर सेटिंगमध्ये एपीएन (सिम कंपनीच्या इंटरनेटला जोडणारं नाव) तपासा. बाहेर अँटेना लावायची सोय असलेला राउटर थोडा महाग पडतो, पण सातपुड्याच्या पायथ्याशी तोच घ्या.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत किंवा पिकवण केंद्रात कॅमेरा लावून तो घरून बघायचा असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून घरातल्या यंत्रापर्यंत वाट उघडण्याचे) व्हिडिओ बघून वेळ घालवू नका. स्टेटसच्या पानावरचा वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने एकच खरा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि बाहेरून तुमच्या डब्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. सिमच्या राउटरवर बहुधा अशीच व्यवस्था असते. अशा वेळी कंपनीच्या अॅपमधून क्यूआर कोडने जोडला जाणारा कॅमेरा घ्या, किंवा फायबरवर जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा खरा पत्ता) मागा. कॅमेरा कोणताही असो, त्यासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.